कोरियन पाहुणे घरी येतायत, आदराने बोलायला आईबाबांना काय काय शिकवू?

मुलुंड_पूर्व:

नमस्कार मंडळी. माझा दादा सोलमध्ये नोकरीला आहे आणि तिथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरतंय. पुढच्या महिन्यात तिचे आईवडील मुंबईत येणारेत, एक दिवस आमच्याकडे मुलुंडला जेवायला. त्यांना इंग्लिश जवळपास येत नाही आणि आमच्या घरात दादा सोडून कोणाला कोरियन येत नाही. दादा आणि होणारी वहिनी असतीलच मध्ये बोलायला, पण आईचं म्हणणं असं की निदान दारात या बसा आपल्या तोंडाने त्यांच्या भाषेत म्हटलं पाहिजे, सगळंच पोराच्या तोंडून गेलं तर आपण नुसते हसत उभे राहणार. मला तिचं एकदम पटलंय.

मी सिरीयल बघते त्यामुळे थोडेफार शब्द कानावर आहेत पण तिथे कोण कोणाशी कसं बोलतंय ते कळत नाही, मित्र मित्रांशी बोलतात तेच मी वडीलधाऱ्यांना बोलून बसले तर? म्हणून विचारतेय, आपल्यासारखं तू आणि तुम्ही त्यांच्यात आहे का, आणि अगदी नवशिक्या माणसाने कुठली वाक्यं पाठ केली तर ती कोणत्याही मोठ्या माणसासमोर चालतील? आई वाढताना आग्रह करणार हे नक्की आहे, त्यासाठी पण काहीतरी सांगा प्लीज.

चहाबिस्कीट:

अभिनंदन तुमच्या घरच्यांचं! तुमच्या आईची कल्पना फार चांगली आहे, नक्की करा.

तू-तुम्ही आहे, आपल्यापेक्षा जास्तच आहे, पण ते सर्वनामात कमी आणि क्रियापदाच्या शेवटी जास्त असतं. मित्रांमधल्या बोलण्याला ते पानमाल म्हणतात आणि आदराच्या बोलण्याला चोंदेनमाल. सिरीयलमध्ये घरातली भावंडं, कॉलेजातले दोस्त, रागावलेले लोक सगळे पानमालमध्ये बोलत असतात, म्हणून तिथलं वाक्य जसंच्या तसं उचलू नका, आधी शेवट बघा. शेवटी यो ऐकू आलं किंवा म्निदा ऐकू आलं तर साधारणपणे सेफ. नुसतं आन्न्यॉंग म्हणजे मित्राला हाय, वडीलधाऱ्यांना आन्न्यॉन्हासेयो.

आणि 'तुम्ही'साठी शब्द शोधूच नका. डिक्शनरीत तांगशिन सापडेल पण तो समोरासमोर नवराबायकोत नाहीतर भांडणात वापरतात, व्याह्यांना अजिबात नको. मराठीत पण आपण "बसता का?" एवढंच म्हणतो ना, तुम्ही कुठे म्हणतो दरवेळी. तिथेही तसंच, शब्द गाळायचा, क्रियापद आदर दाखवतं. हाक मारायचीच झाली तर तुम्ही मुलीच्या आईला ऑमॉनिम आणि वडिलांना आबॉनिम म्हणा. आई आणि बाबा यांची आदरार्थी रूपं आहेत, दुसऱ्याच्या आईवडिलांनाही म्हणतात. स्वतःला मात्र ना नाही म्हणायचं, चॉ म्हणायचं, त्यात नम्रपणा आहे. चॉनुन, मग तुमचं नाव, मग इम्निदा, झाली ओळख. धाकटं भावंड म्हणजे तोंगसेंग, बहीण असो की भाऊ, त्यामुळे दादाचं नाव घेऊन पुढे दोंगसेंगिम्निदा म्हटलंत की त्यांना लगेच कळेल तुम्ही कोण.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, सेयो मधला से हा समोरच्याच्या मानासाठी असतो, स्वतःबद्दल बोलताना तो काढायचा. त्यांनी चाल जिनेसेयो? विचारलं, म्हणजे बरे आहात ना, तर उत्तर ने, चाल जिनेयो. ने म्हणजे हो.

परळकर:

जेवणाचं मी सांगतो, कारण माझ्या ऑफिसात कोरियन साहेब लोक येऊन जाऊन असतात आणि त्यांच्याबरोबर बऱ्याचदा जेवायला बसलोय.

आईंना सांगा की आग्रह त्यांना अजिबात परका नाही, ओळखीच्या माणसाला जेवलात का म्हणून विचारणं हे त्यांच्याकडे पण कसे आहात विचारण्यासारखंच आहे. पानं वाढून झाली की मानी दुसेयो, म्हणजे भरपूर जेवा, किंवा माशित्के दुसेयो, म्हणजे आवडीने जेवा. पुन्हा वाढायला आल्या की तॉ दुसेयो, आणखी घ्या. यातलं दुसेयो महत्त्वाचं आहे, खाणे या साध्या क्रियापदाचं हे रूप नाही, मोठ्यांच्या खाण्यापिण्याला वेगळं क्रियापदच वापरतात ते, आणि झोपण्यालाही तसंच वेगळं आहे, म्हणजे समजा ते रात्री राहिले तर आन्न्यॉन्ही जुमुसेयो म्हणायचं, मुलाबाळांना म्हणतो तसं जा झोप नाही.

माझ्या सगळ्यात आवडीचं वाक्य म्हणजे इबे माजुसेयो? आपण म्हणतो ना तोंडाला रुचतंय का, अगदी तेच, आणि मुंबईच्या घरात पहिल्यांदा वरणभात पुरणपोळी खाणाऱ्या माणसाला हे कोणी विचारलं ना की त्याला आपली काळजी घेतायत असं वाटतं. पाणी देऊ का साठी मुल दुरिल्क्कायो. यातलं क्कायो म्हणजे करू का, देऊ का, ते मोठ्या माणसाला विचारायला छान.

ते जेवायला सुरुवात करताना चाल मॉक्केस्सुम्निदा म्हणतील आणि संपल्यावर चाल मॉगॉस्सुम्निदा, म्हणजे छान जेवलो. तेव्हा गप्प राहू नका, हसून ने म्हणा. पोट भरल्यावर ते ग्वेनछानायो म्हणाले तर त्याचा अर्थ ठीक आहे असा पण होतो आणि नको, राहू दे असा पण होतो, हाताची खूण बघायची आणि आग्रह तिथे थांबवायचा.

आणि एक विनंती, आईंनी वाढत उभं राहू नये, त्यांच्याबरोबर बसावं. त्यांच्याकडे घरातलं सगळ्यात मोठं माणूस चमचा उचलतं मग बाकीचे सुरुवात करतात, यजमान बसलेच नाहीत तर पाहुणे अवघडून बसतील.

मुलुंड_पूर्व:

इबे माजुसेयो आईला वाचून दाखवलं, तिने लगेच फ्रिजवर लिहून लावलं. धन्यवाद परळकर, चहाबिस्कीट.

दोन अडचणी. बाबांना उच्चार जमत नाहीयेत, दादा फोनवर एक म्हणतो आणि देवनागरीत लिहिलेलं वेगळं दिसतं, कधी क कधी ग. आणि आईबाबांनी त्यांना काय म्हणून हाक मारायची, ते पण ऑमॉनिम म्हणणार का?

लोकल८_१२:

क आणि ग चा गोंधळ खरा आहे आणि त्यात बाबांची चूक नाही. कोरियनमध्ये ते एकच अक्षर आहे, शब्दाच्या सुरुवातीला आलं की क सारखं ऐकू येतं आणि दोन स्वरांमध्ये आलं की ग सारखं. त द चं, प ब चं, च ज चं तेच. म्हणून कोणी कामसाहाम्निदा लिहितं कोणी गामसाहाम्निदा, दोन्हीने काम होतं, धन्यवादच. लिहिताना त्यात म्न मधल्या म च्या जागी ब सारखं अक्षर असतं पण पुढे न आल्यामुळे त्याचा म होतो, त्यामुळे कुठे हाब्निदा लिहिलेलं दिसलं तर तसं वाचू नका.

ऑ जिथे जिथे लिहिलंय तो डॉक्टर मधला ऑ. अडतो तो दुसेयो मधला उ, तो खरं तर उ नाहीच. ओठ गोल न करता ई म्हणताना ताणतो तसे ताणायचे आणि मग उ म्हणायचा प्रयत्न करायचा. मराठीत हा स्वर नाही म्हणून देवनागरीत लिहिता येत नाही, दादाला सांगा फोनवर तेवढाच आवाज काढून दाखवायला.

वेळ असेल तर मी म्हणेन की बाबांना लिपीच शिकवा. हांगुल राजा सेजोंगच्या काळात १४४३ साली तयार झाली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आणली, दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला तिचा दिवस साजरा करतात. आज वापरात असलेली पायाभूत अक्षरं फक्त २४, १४ व्यंजनं आणि १० स्वर. आणि आपल्याला ती पटकन कळते कारण मूळ व्यंजनांचे आकार तोंडातल्या जागेवरून बनवलेत, क च्या अक्षरात जिभेचा मागचा भाग घशाकडे उचललेला दाखवलाय, न मध्ये जिभेचं टोक वर टेकलेलं, म म्हणजे मिटलेलं तोंड. शाळेत कंठ्य दंत्य ओष्ठ्य पाठ केलेल्या माणसाला हे वाचताना फार आनंद होतो, मला तरी झाला.

वाक्याची रचना पण आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी आणि ला, ने, त सारखे प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतात. इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना जे उलटं वाटतं ते आपल्याला सरळ जातं.

आजीचीगोधडी:

हाक मारण्याचं मी सांगते. आपल्याकडे व्याही आणि विहीणबाई आहेत तसं त्यांच्याकडे सादोन आहे, मुलामुलीच्या सासरच्यांशी जे नातं जुळतं ते. तुझ्या आईबाबांनी मुलीच्या वडिलांना सादोन ऑरुन म्हटलं तर मान राखल्यासारखं होईल आणि आईला साबुइन म्हणजे विहीणबाई. मात्र लग्न अजून व्हायचंय ना, मग आधी दादाला विचार की आत्तापासून म्हणायचं का, काही घरांत लग्न झाल्यावरच म्हणतात. तोवर हाकेशिवाय भागतं.

आता या सगळ्यांना एक सांगते, इतकी वाक्यं त्या माउलीला नकोत. दारात ऑसॉ ओसेयो, म्हणजे या या. आत आल्यावर आन्जुसेयो, बसा. आणि एकच मोठं वाक्य, मालस्सुम मानी दुरॉस्सुम्निदा, म्हणजे तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. हे शेवटचं तिने न अडखळता म्हटलं तर त्या बाई अर्ध्या पाघळतील, लेक परक्या घरात देताना आईला तेवढंच ऐकायचं असतं की इथे आपलं नाव आधीच पोचलेलं आहे.

चहाबिस्कीट:

आजी, बरोबर आहे पण मी थोडं वेगळं म्हणेन. पहिल्या भेटीचं पहिलं वाक्य म्निदावालंच असू द्या, आन्न्यॉन्हासिम्निक्का किंवा मान्नासॉ पानगाप्सुम्निदा, भेटून आनंद झाला. यो चालतं, पण लग्नाच्या बोलणीची बैठक म्हणजे त्यांच्यासाठी मोठा औपचारिक प्रसंग असतो. सुरुवात म्निदाने करून मग जेवताना यो वर आलं की जवळीक वाढल्यासारखं होतं.

परळकर:

यावर माझं मत वेगळं आहे. घरी, जेवणाच्या टेबलावर, आपल्या आईच्या वयाची बाई सेयो म्हणत असेल तर त्यात पुरेसा मान आहे, आणि ते मायेचं वाटतं. म्निदा ऑफिसात, प्रेझेंटेशनला, बातम्यांमध्ये जास्त ऐकतो मी. नवशिक्याने सगळीकडे सेयो धरून ठेवलं तर चुकण्याचा संबंध कमी येतो. गामसाहाम्निदा आणि च्वेसोंगहाम्निदा हे दोन मात्र म्निदामध्येच पाठ करा, आभार आणि माफी. मिआनहेयो पण माफीच पण वडीलधाऱ्यांना च्वेसोंगहाम्निदा.

चहाबिस्कीट:

मान्य, आई सेयो बोलू देत, पण धाकटी म्हणून मुलुंड_पूर्वने म्निदा बोलावं.

मुलुंड_पूर्व:

हे चालेल, आई सेयो, मी म्निदा. बाबा फक्त गामसाहाम्निदा, ते त्यांना आता जमतंय आणि दिवसभर म्हणत फिरतायत. ते निघताना काय म्हणायचं? आणि आम्हाला त्यांचं बोलणं कळलं नाही तर?

लोकल८_१२:

कळलं नाही तर ताशी हानबॉन मालस्सुमहे जुसेयो, पुन्हा एकदा सांगा ना. लांब वाटलं तर नुसतं ने? प्रश्नाच्या सुरात, तेही चालतं. हळू बोला साठी छॉनछॉनही मालस्सुमहे जुसेयो. मालस्सुम म्हणजे मोठ्यांचं बोलणं. काही मागायचं असेल तर वस्तूनंतर चोम आणि मग जुसेयो, मुल चोम जुसेयो, हा चोम म्हणजे आपलं "जरा पाणी द्या ना" मधलं जरा, मागणं मऊ होतं.

निरोपाला मात्र दोन वेगळी वाक्यं आहेत. जाणाऱ्याला उद्देशून आन्न्यॉन्ही गासेयो, थांबणाऱ्याला उद्देशून आन्न्यॉन्ही ग्येसेयो. तुमच्या दारात तुम्ही थांबणार ते जाणार, म्हणजे तुम्ही गासेयो म्हणायचं, ते तुम्हाला ग्येसेयो म्हणतील. त्यांचं ऐकून तेच परत म्हणू नका. आणि सगळे मिळून खाली गाडीपर्यंत सोडायला गेलात तर चोशिमही गासेयो, सांभाळून जा, हे छान.

आजीचीगोधडी:

आणि हातांचं विसरू नका गं. पाण्याचा ग्लास, नारळ, साडीचा बॉक्स, जे काही देशील घेशील ते दोन्ही हातांनी, नाहीतर उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या मनगटाला लावून. आभार मानताना थोडं वाकायचं. ओटी भरणार असाल तर आधी दादाकडून त्यांना समजावून सांगा काय करतोय ते, म्हणजे विहीणबाई गोंधळणार नाहीत.

मुलुंड_पूर्व:

ओटी भरायचीच आहे, आज रात्री दादाला फोन करून सांगते. सादोनचं पण विचारते.