मदत हवी आहे: पीएचडीचा सॅम्पल साइज गाइडने परत पाठवला

दूरदेशी:
प्रसूतितज्ज्ञ आहे, परदेशात पीएचडीचं पहिलं वर्ष. विषय पीपीएच, म्हणजे प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव. ४०० बायका धरल्या होत्या, गाइड म्हणतात अपुऱ्या. सोमवारी आराखडा द्यायचाय. किती घेऊ? आकडा सांगा फक्त.

आकडेमोड:
कशाची कशाशी तुलना? गट बायकांचे की रुग्णालयांचे?

पासपोर्ट:
व्हिसा पीएचडीच्या पूर्ण मुदतीचा आहे ना? डेटा मायदेशी गोळा करणार असाल तर किती महिने बाहेर राहता येतं ते आधी विद्यापीठाला विचारा.

दूरदेशी:
व्हिसाचं विचारलं नव्हतं. ८ रुग्णालयं, प्रत्येकी ५०. चारांत खुणांचा ड्रेप (बाईखाली लावायची, रक्त गोळा करून मोजायची पिशवी), चारांत गेलेल्या रक्ताचा नेहमीचा नजरेचा अंदाज. पीपीएच १० टक्क्यांवरून ७ वर यावं.

आकडेमोड:
हे आधी लिहायचं! ८० टक्के पॉवरला (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) एका गटात साधारण १३५० लागतात. त्यात एकाच लेबर रूममधले निकाल एकमेकांशी मिळतेजुळते असतात. या साम्याचं माप, आयसीसी, ०.०२ धरा; रुग्णालयात ५० बायका, तर आकडा इतक्या पट वाढतो: १ + ४९ × ०.०२ = १.९८. म्हणजे गटात जवळपास २७००, ५०-५० प्रमाणे एकेका गटात ५४ रुग्णालयं. आठांत जमणारच नाही.

लेबररूम:
त्याहून मोठी चूक मोजण्यात आहे. नजरेचा अंदाज कमी भरतो, जास्त रक्त गेलं की आणखीच कमी. त्यामुळे ड्रेपच्या गटात पीपीएच उलट जास्त दिसेल. शिवाय नुसत्या ड्रेपनं रक्त थांबत नाही. ई-मोटिव्ह या पीपीएचवरच्या चाचणीत ड्रेपसोबत मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन असा पूर्ण संच होता, आणि रुग्णालयं ८०.

रक्तपेढी:
ड्रेप सोडा. प्रसूतीआधी आणि ४८ तासांनी हिमोग्लोबिन घ्या.

लेबररूम:
सलाईन किंवा रक्त चढवलं की तो आकडा हलतो. शिवाय ४८ तासांपर्यंत बऱ्याच जणी घरी गेलेल्या असतात.

आकडेमोड:
दूरदेशी, प्रश्नच बदला: नजरेचा अंदाज किती चुकतो? प्रत्येक बाईचे दोन्ही आकडे मिळतात, अंदाजाचा आणि तोललेल्या रक्ताचा. ब्लँड-ऑल्टमनला (दोन मोजमापं किती जुळतात ते पाहायची पद्धत) ४०० भरपूर, दोन्हींतला फरक बहुतेकदा ज्यांच्या आत राहतो त्या मर्यादा ±०.१७ एसडीपर्यंत (फरकांच्या प्रमाण विचलनाच्या) नेमक्या मिळतील.

लेबररूम:
ड्रेप बिनखुणांचा घ्या, नाहीतर नर्स खुणा वाचूनच अंदाज लिहील. अंदाज आधी लिहून घ्या, वजन नंतर. ड्रेप बाळ बाहेर आल्यावर लगेच लावा, आधी लावलात तर गर्भजल त्यात जातं. गॉज, पॅड, ड्रेप कोरे असताना तोलून ठेवा. रक्ताचं वजन भागिले १.०६ म्हणजे मिली. ५३० ग्रॅम म्हणजे ५००.

दूरदेशी:
हे गाइडना पटेल. सीझरही घेऊ का?

लेबररूम:
नको. तिथे सक्शनच्या बाटलीत गर्भजल मिसळलेलं असतं.