वर्ल्डकॉनला पॅनेलवर मराठी विज्ञानकथेबद्दल बोलायचंय, कुणी गेलंय का आधी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, गेली अकरा वर्षं सॅन डिएगोत. दिवाळी अंकांतून विज्ञानकथा लिहिते, आत्तापर्यंत सहा छापून आल्यात. यंदा वर्ल्डकॉन, म्हणजे सायन्स फिक्शनवाल्यांचं दरवर्षी भरणारं जागतिक संमेलन, ॲनाहाइमला आहे, २७ ते ३१ ऑगस्ट २०२६, म्हटलं एवढं जवळ परत कधी येणार, म्हणून प्रोग्रामचा फॉर्म भरून टाकला आणि परवा मेल आला की एका पॅनेलवर घेतलंय. इंग्रजी सोडून बाकी भाषांतली सायन्स फिक्शन असा विषय आहे, आम्ही चौघं आणि एक मॉडरेटर, वेळ एक तास.

म्हणजे माझ्या वाट्याला दहा-बारा मिनिटं. नारळीकर सरांबद्दल तर बोलणारच, पण समोरच्यांनी मराठी हे नावच ऐकलेलं नसेल तर सुरुवात कुठून करायची? अख्खा इतिहास सांगायचा की एकच कथा धरायची? आणि एखादा परिच्छेद मराठीत वाचून दाखवला तर चालतो का? अशा ठिकाणी मी आधी कधीच गेलेली नाही, एकटीच जाणारे, त्यामुळे बाकीचंही जे सुचेल ते सांगा.

मंद्र_सप्तक:
अभिनंदन ताई! मी २०२४ ला ग्लासगोच्या वर्ल्डकॉनला गेलो होतो, क्लाइड नदीकाठी एसईसी म्हणून मोठं सेंटर आहे तिथे, पाचही दिवस. पॅनेलवर मात्र त्याआधी एका छोट्या कन्व्हेन्शनला बोललोय आणि तिथे माझं काय चुकलं ते आधी सांगतो. मॉडरेटरने पहिलाच प्रश्न टाकला, भारतात सायन्स फिक्शन आहे का? झालं, मी अख्ख्या भारताच्या वतीने उत्तर द्यायला लागलो, बंगाली, तमिळ, हिंदी, पुराणातली विमानं, सगळं एका दमात. माझा वेळ संपला आणि मराठीतल्या एकाही कथेत नक्की काय घडतं ते सांगायचं राहूनच गेलं. परतीच्या ट्रेनमध्ये फार लागलं मनाला ते. म्हणून म्हणतो, देशाचं वकीलपत्र घेऊ नका. मराठीत लिहिता, मराठीबद्दलच बोला.

ग्लासगोला जाताना एक दिवाळी अंक सोबत नेला होता. कॉफीच्या रांगेत फिनलंडच्या एक बाई भेटल्या, बोलता बोलता त्यांना दाखवला. त्यांनी पानं उलटली तर एका पानावर विज्ञानकथा, समोरच्या पानावर सराफाची जाहिरात, पुढे अनारशांची कृती आणि शेवटी वार्षिक राशिभविष्य. त्यांनी विचारलं, हे सायन्स फिक्शनचे वाचक विकत घेतात? म्हटलं नाही हो, हे घरातले सगळे वाचतात, आजीसुद्धा. त्यांनी लगेच दोन मैत्रिणींना बोलावलं आणि पुढचा अर्धा तास मी तो एक अंक समजावून सांगत होतो. इंग्रजीत सायन्स फिक्शनची मासिकं वेगळी, दुकानात शेल्फ वेगळं, आपली कथा मात्र फराळाच्या ताटाशेजारी वाचली जाते आणि म्हणून लेखकाला आजीलाही कळेल असं लिहावं लागतं. तिकडच्या लोकांना हे नवीन असतं. अंक न्याच.

जुनी_रद्दी (ठाणे):
अंकाचा मुद्दा अगदी पटला. दिवाळी अंकाची प्रथा १९०९ ची, काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची, एवढं एक वाक्य पुरे. मग मराठी विज्ञान परिषद, स्थापना १९६६, आणि त्यांची विज्ञानकथा स्पर्धा. तिथून थेट नारळीकरांवर या. केंब्रिजहून परत आलेला, जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत प्राध्यापक, आणि १९७४ साली स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवतो ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखतील म्हणून प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हातची. नावाकडे बघून बक्षीस मिळालं असं व्हायला नको म्हणून हा खटाटोप, आणि पहिलं बक्षीस मिळालं. हे ऐकून समोर बसलेला माणूस मराठी विसरणार नाही.

२० मे २०२५ ला सर गेले. २०२१ च्या तुमच्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते हे आवर्जून सांगा, विज्ञानकथा लिहिणाऱ्याला एखादी भाषा तिच्या सर्वात मोठ्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद देते ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. बाकीच्या विज्ञानकथाकारांपैकी लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यातल्या एकाचीच कथा धरा, यादी वाचू नका. मराठीत वाचणं मात्र टाळा असं माझं मत, दहा मिनिटांत न कळणाऱ्या भाषेला वेळ कशाला.

पश्चिमघाट:
काका, वाचण्याबद्दल मी असहमत. मी गेल्या वर्षी सिएटलच्या वर्ल्डकॉनला श्रोत्यांत होते, तिथे एका लेखिकेने स्वतःच्या भाषेत चारच ओळी वाचल्या, मग भाषांतर, आणि हॉल एकदम शांत झाला. ताई, नक्की वाचा, पण चार ओळीच. भाषांतर आधीच छापून पुढच्या रांगेत ठेवा.

बाकीचं पटापट. तिकीट नसतं, मेंबरशिप असते, वर्ल्डकॉनमागच्या वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटी या संस्थेची वेगळी आणि प्रत्यक्ष हजर राहायची वेगळी जोडून घ्यायची. सगळं काम करणारे स्वयंसेवक असतात म्हणून बोलणारेही बहुतेक वेळा स्वतःची मेंबरशिप स्वतःच काढतात, यात अपमान वाटून घेऊ नका. मेंबर झालात की ह्यूगो या सायन्स फिक्शनच्या मोठ्या पुरस्कारांसाठी मतही देता येतं. माइक समोर असेल तर तोंडाजवळ धरूनच बोला, माझा आवाज मोठा आहे म्हणून तो बाजूला सारायचा नाही, कमी ऐकू येणारे लोक असतात. नावं मोठ्या अक्षरात कार्डांवर लिहून न्या आणि बोलताना धरा, कॅप्शनमध्ये 'नारळीकर'चं काहीही होतं. तुमचं नाव कसं उच्चारायचं ते मॉडरेटरला आधी मेलवर कळवा. आणि तिथले जुने लोक सांगतात तो नियम पाळा, रोज पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. पॅनेल संपल्यावर लगेच पळू नका, खरी ओळख दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये होते.

गोदाकाठ:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. जगतापांचा किस्सा आणि दिवाळी अंक, एवढ्यावरच बोलणार, इतिहास सोडला. काका, वाचण्याचं मात्र पश्चिमघाट म्हणतात तसं करते. काल रात्री चार ओळी मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, पस्तीस सेकंद होतात. मोठ्या वहिनी पुढच्या महिन्यात नाशिकहून येतायत, त्यांना माझी पहिली कथा आलेला अंक बॅगेत घालायला सांगितलाय. मुखपृष्ठाचा कोपरा फाटलाय म्हणाल्या, चिकटवू का विचारत होत्या. म्हटलं असू दे, तसाच आणा.