बुरशीनेच बुरशी रोखायची का?

सोनमोहर, घोडबंदर रोड:
आमच्या सोसायटीतला गुलमोहर गेल्या पावसाळ्यात मुळासकट आडवा झाला. त्याआधी दोन वर्षं बुंध्याशी तपकिरी फळी येत होती, कडेला पांढरी. बोट फिरवलं की कोकोसारखी पूड लागायची. ती गॅनोडर्मा, मुळं कुजवणारी बुरशी. आम्ही फळी खरवडून चुना फासत राहिलो.

सगळ्या बुरश्या वैरी नसतात. पानांत, सालीत, खोडात निमूट राहणाऱ्या कित्येक असतात. त्यातल्या काही रोगाच्या बुरशीला जागा मिळू देत नाहीत, काही झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतात. पनामात कोकोच्या रोपांच्या पानांत अशा बुरश्या मुद्दाम रुजवल्या, तर फायटॉप्थोरा या रोगजंतूमुळे होणारं पानांचं नुकसान कमी झालं. मग रस्त्याकडेला लावायच्या रोपांना नर्सरीतच ही सोबत का देऊ नये?

येऊरवाट:
मला पटत नाही. नेदरलँड्समध्ये एल्म झाडांना रोगापासून वाचवायला व्हर्टिसिलियम या बुरशीच्या निरुपद्रवी वाणाची लस टोचतात. ती दर वसंतात पुन्हा द्यावी लागते आणि रोग लागलेल्या झाडाला तिचा उपयोग नाही. इथे हजारो झाडांना दरवर्षी कोण टोचणार? आधी बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक उखडा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं.

आंबेमोहोर, ऐरोली:
शिवाय आतली बुरशी कायम गुणीच राहील असं नाही. लॅसिओडिप्लोडिया आंब्यात गुपचूप राहते. झाडाला पाण्याचा ताण पडला की तीच फांद्या शेंड्याकडून वाळवत आणते. आपल्या फुटपाथवर ताणाशिवाय दुसरं आहे काय?

सोनमोहर:
लॅसिओडिप्लोडियाचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणून बाहेरची कुठलीही बुरशी आणू नये. इथल्याच निरोगी झाडांतली वेगळी करून, ताण देऊन तपासावी. पण ब्रिटनमध्ये कापलेल्या पाइनच्या खुंटांवर फ्लेबिओप्सिस ही बुरशी लावून मूळकूज रोखतात, तेही 1960च्या दशकापासून. म्हणजे नेम नेमका असेल तर ही वाट चालते.

येऊरवाट:
खुंट मेलेला असतो, गुलमोहर जिवंत. दोन्हींना एकच न्याय लावू नका.

सोनमोहर:
फरक आहेच. म्हणून उभ्या झाडांना टोचा असं मी म्हणतच नाही, फक्त रोपांबद्दल बोलतोय. आणि पेव्हरबद्दल तुमचं शंभर टक्के खरं: पडलेल्या गुलमोहराच्या मुळांना जेमतेम दीड फूट माती होती. रविवारी उरलेल्या दोन झाडांभोवतीचे ब्लॉक काढतोय. पहार आहे, माणसं कमी आहेत.

आंबेमोहोर:
मी येते. मुळं तुटू देऊ नका, जखमेतून गॅनोडर्मा शिरते.