मदत हवी आहे: सुपरस्टिशन विल्डरनेस (अ‍ॅरिझोना), डिसेंबरात एक मुक्काम, पाण्याचं गणित जमत नाही

धागाकर्ता:

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे फीनिक्सला असू. तिथून पूर्वेला सुपरस्टिशन डोंगरात एक रात्र तंबू टाकायचा विचार आहे. वाट अशी आखली आहे: पेराल्टा ट्रेलहेड (पायवाटेची सुरुवात), फ्रीमाँट सॅडलची खिंड, वीव्हर्स नीडल सुळक्याच्या पश्चिमेने उत्तरेकडे, मग डचमन्स ट्रेल, टेरापिन ट्रेल, ब्लफ स्प्रिंग ट्रेल आणि परत पेराल्टा. फेरी अंदाजे २० किलोमीटरची. सह्याद्रीत सॅक पाठीवर घेऊन चालायची सवय चौघांनाही आहे, वाळवंटाची कुणालाच नाही.

नकाशात वाटेच्या आसपास झरे दाखवले आहेत. माणशी ३ लिटर घेऊन निघालो आणि बाकीचं तिथे फिल्टर केलं तर चालेल का? परवाना लागतो का? साधी सेडान पोचते का? सामानात काय बदल करावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

कातळवाट:

३ लिटरवर निघू नका. नकाशावरचा निळा ठिपका म्हणजे तिथे कधीतरी पाणी असतं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे गडावर टाकं असतं आणि हिवाळ्यात ते भरलेलं असतं, त्या भरवशावर आपण निघतो. इथे उलटं आहे. पाऊस वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी वादळी आणि मग हिवाळ्यात. हिवाळ्यातला पाऊस लांबला, तर डिसेंबरात ओढे कोरडे आणि झऱ्याच्या जागी ओल्या गाळावर माशा, असं होऊ शकतं. जाण्याआधी टोंटो नॅशनल फॉरेस्टच्या (हे रान त्यांच्याच अखत्यारीत आहे) कार्यालयात फोन करा आणि गेल्या आठवड्यात कुठे पाणी होतं ते विचारा. महिन्यापूर्वीची बातमी धरू नका.

कोरडा मुक्काम धरून हिशोब असा: पहिल्या दिवशी चालताना ३ लिटर, संध्याकाळ-रात्रीच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला दीड ते दोन, दुसऱ्या दिवशी ३. माणशी ७ ते ८ लिटर, म्हणजे तेवढेच किलो. थंडीत तहान कळत नाही, पण कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाज लागत नाही. लघवी गडद झाली की समजायचं, उशीर झाला आहे. नुसतं पाणीही ढोसू नका. दर तासाला काहीतरी खारट खा, नाहीतर मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते आणि माणूस ती तहान समजून आणखी पाणी पितो.

पाणी एकाच पिशवीत कधीच नको. नळीच्या ब्लॅडरला काटा लागला तर सॅकमध्ये सगळं सांडतं. एक-दीड लिटरच्या टणक बाटल्या घ्या, ब्लॅडर हवाच असेल तर फक्त दोन लिटरचा.

चोयाकाटा:

+१. फिल्टरचं एक राहिलं. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाला की आत पाणी राहतंच. डिसेंबरात वरच्या भागात रात्री पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो. आतलं पाणी गोठलं की तंतू फाटतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं, पण गाळलं जात नाही. रात्री फिल्टर झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या जोडीला असू द्या.

आता काटे. चोया नावाचा निवडुंग वाटेच्या कडेला भरपूर आहे. त्याच्या बोटभर लांबीच्या पेरांचा सांधा इतका कच्चा असतो की पोटरी नुसती घासली तरी पेर सुटून चिकटतं. काट्याच्या टोकाला मागे वळलेली सूक्ष्म कुसळं असतात, म्हणून घुसतो सहज आणि निघताना कातडी ओढून वर आणतो. हाताने धरू नका, हातालाच चिकटेल. रुंद दातांचा प्लास्टिकचा कंगवा पेर आणि कातडी यांच्या मधे सरकवायचा आणि एका झटक्यात बाहेरच्या दिशेने उडवायचं. बाजूला कुणी उभं नाही ना, ते आधी बघा. उरलेली टोकं चिमट्याने. कंगवा आणि चिमटा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

याच कारणाने हवेची मॅट नको, फोमची घडीची मॅट घ्या. तंबू लावण्याआधी जमीन हेडटॉर्चच्या तिरप्या उजेडात बघून घ्या, वाळकी पेरं मातीच्याच रंगाची असतात. पँट पूर्ण लांबीची. बूट जाड तळव्याचे, कारण ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला हा खडक खरखरीत आहे आणि उतारावर त्याचा घसारा गोट्यांसारखा पायाखाली फिरतो. काठ्या दोन घ्या. गुडघ्यांना खरी गरज ब्लफ स्प्रिंग ट्रेलच्या शेवटी ‘कार्डिअ‍ॅक हिल’ उतरताना पडेल.

साप थंडीत क्वचित दिसतो, पण उन्हाच्या दुपारी कातळावर येऊ शकतो. कपारीत हात घालण्याआधी डोळे घाला. सकाळी बूट झटकूनच पायात चढवा, विंचू असतो. आणि विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, तो तिथेच घ्या.

रानवाटाड्या:

परवाना लागत नाही. नियम मात्र आहेत: एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं, मुक्काम १४ दिवसांपर्यंत. अमेरिकेच्या १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने संरक्षित असं हे सुमारे १ लाख ६० हजार एकरांचं रान आहे, त्यामुळे सायकलसुद्धा आत चालत नाही, ड्रोन तर नाहीच. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर लांब १५ ते २० सेंटिमीटर खड्डा, आणि कागद पिशवीत घालून परत. कोरड्या मातीत तो कुजत नाही, उंदीर उकरून काढतात.

हायवे ६० वरून पेराल्टा रोडला वळायचं, पुढचा रस्ता कच्चा. कोरड्या दिवसांत सेडान हळूहळू जाते. मोठा पाऊस झाला असेल तर रस्त्यावरून वाहणारे ओढे आडवे येतात. पाण्याचा तळ दिसत नसेल तर गाडी घालू नका. शनिवार-रविवारी पार्किंग सकाळीच भरतं, जमलं तर मधल्या वारी जा.

मोबाइलला आत रेंज धरू नका. नकाशा ऑफलाइन उतरवा, कागदी प्रतही घ्या आणि परतायची वेळ बाहेर कुणाला तरी लिहून द्या. सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर जरूर घ्या.

जेकब वॉल्ट्झ नावाचा खाणशोधक १८९१ मध्ये वारला, तेव्हापासून त्याच्या दंतकथेतल्या सोन्याच्या खाणीच्या शोधात लोक या डोंगरात भरकटत आले आहेत आणि काही जिवाला मुकले आहेत. नवीन खाणकामाला १९८४ पासून इथे बंदी आहे. पुसट पायवाटा दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका.

धागाकर्ता:

मनापासून आभार. ८ लिटर पाणी, वर तंबू आणि थंडीचे कपडे, म्हणजे सॅक १६-१७ किलोची होते आणि आमच्यातल्या दोघांना ते झेपणार नाही. फेरी सोडावी का? आणि पाऊस आला तर?

कातळवाट:

पाण्याची खात्री नसेल तर फेरी सोडा. दोन पर्याय आहेत.

पहिला, मला जास्त पटणारा: फ्रीमाँट सॅडलची खिंड ओलांडून थोडं खाली मुक्काम करा आणि आल्या वाटेने परत या. ट्रेलहेडपासून खिंड ३.७ किलोमीटर, चढ ४०० मीटरच्या आसपास. ओझ्यासकट अडीच तास धरा. माणशी ६ लिटर पुरतं आणि काही बिनसलं तरी गाडी अर्ध्या दिवसाच्या आत आहे. खिंडीत पोचलात की १,३८८ मीटरचा वीव्हर्स नीडलचा सुळका अचानक समोर उभा राहतो, तोवर तो दिसतच नाही. तंबू खिंडीच्या तोंडाशी नको, वारा झोपू देत नाही. खिचडी-भाताला पाणी फार जातं. गरम पाणी ओतून खाण्याजोगं काही घ्या.

दुसरा: मुक्काम न करता फेरी एका दिवसात, हलकी सॅक आणि माणशी ४ लिटर. उजाडताच, सातच्या सुमारास चालायला लागा. सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. पेराल्टा ट्रेल डचमन्स ट्रेलला मिळते तिथे साधारण निम्मं अंतर होतं. साडेअकरापर्यंत तिथे पोचला नाहीत तर तिथूनच मागे फिरा. पुढच्या अर्ध्यातले चढ आणि वळणं अंधारात चुकतात. हेडटॉर्च तरीही चौघांकडे चार.

पावसाचं: तंबू ओढ्याच्या वाळूत कधीच नको, ती कितीही सपाट आणि मऊ दिसली तरी. कातळ पाणी पीत नाही, वरच्या अंगाला पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर थेंबही नसताना खाली येतो. काठावर काटक्या-पाल्याचे पट्टे अडकलेले दिसतील, पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं. त्यांच्याही वर तंबू लावा. लोंढा आला तर ओलांडायला जाऊ नका, उंचावर थांबा. असे ओढे अनेकदा काही तासांत उतरतात. त्यासाठी एका जास्तीच्या जेवणाचं सामान सॅकमध्ये ठेवा.