नागपूरच्या उन्हात सुपरचार्ज्ड मिनी कूपर एसची अश्वशक्ती कशी वाढवावी?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2005 सालची मिनी कूपर एस आहे. माझे मामा इंग्लंडमधून कायमचे परत आले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली होती, आणि आता ती रीतसर माझ्या नावावर झाली आहे. इंजिन 1.6 लिटरचे, त्यावर ईटनचा एम45 सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा, बेल्टवर चालणारा पंप) आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. कंपनीच्या आकड्यानुसार गाडी 170 अश्वशक्तीची आहे आणि आजवर तिच्यात कोणताही बदल झालेला नाही.

मला ती 200 अश्वशक्तीच्या आसपास न्यायची इच्छा आहे. पुण्यातल्या एका गॅरेजने सुपरचार्जरची पुली 15 टक्क्यांनी लहान करणे, मोकळा एक्झॉस्ट बसवणे आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप करणे, म्हणजे त्याचे प्रोग्रॅमिंग बदलणे, असे तीन बदल एकदम सुचवले आहेत. माझी शंका अशी की, डिसेंबरच्या पहाटे काटोल रोडवर जी गाडी नुसत्या इशाऱ्यावर झेपावते, तीच एप्रिल-मेमध्ये व्हरायटी चौकातून सदरपर्यंतची गर्दी पार केल्यावर अगदी मंद वाटते. अशा हवामानात लहान पुलीचा खरोखर उपयोग होईल का, की आधी दुसरे काही करायला हवे? इंजिनाचे आयुष्य फार कमी न करता हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिंगणा_एमआयडीसी

तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. डिसेंबर आणि मेमधला जो फरक तुम्हाला जाणवतो तो खरा आहे, आणि लहान पुली बसवल्यावर तो कमी न होता वाढणार आहे. कारखान्यात माझा रोजचा संबंध कॉम्प्रेसरशी येतो, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो.

एम45 हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर आहे. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, तर रोटरच्या दोन पात्यांमध्ये पकडून इनटेकच्या बाजूला ढकलतो, आणि तिथे आधीच साचलेल्या हवेमुळे दाब तयार होतो. बांधणी साधी, अगदी खालच्या आरपीएमपासून ओढ देणारी, पण कार्यक्षमतेत कमी पडणारी. बूस्ट (हा वाढीव दाब) जसजसा वाढवावा तसतशी इंजिनाकडून घेतलेल्या ताकदीतली अधिकाधिक ताकद हवा तापवण्यात खर्च होते.

एक ढोबळ हिशेब पाहा. कार्यक्षमता 55 टक्के धरली आणि सुपरचार्जरनंतरचा दाब वातावरणाच्या 1.8 पट मानला, तर बाहेर 20 अंश असताना सुपरचार्जरमधून निघणारी हवा साधारण 115 ते 120 अंशांवर असते. बाहेर 45 अंश असतील, आणि नवतपात आपल्याकडे तेवढे असतातच, तर तीच हवा 150 अंशांच्या घरात जाते. लहान पुलीने हा दाब 1.8 वरून वातावरणाच्या दुप्पट झाला असे धरले, तर आकडा 170 पर्यंत चढतो. पुलीचा व्यास 15 टक्क्यांनी कमी केला की रोटरचा वेग 15 नव्हे तर जवळजवळ 18 टक्क्यांनी वाढतो, हेही लक्षात असू द्या.

ही तापलेली हवा थंड करण्याची जबाबदारी या गाडीत बॉनेटखाली, थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरवर आहे. गाडी धावत असताना बॉनेटच्या झरोक्यातून त्याला वारा मिळतो. सीताबर्डीच्या सिग्नलवर थांबली की वारा बंद होतो आणि खालच्या इंजिनाची सगळी धग त्यातच मुरते. त्यानंतर तुम्ही पेडल दाबता तेव्हा इनटेकमधली हवा इतकी गरम असते की नॉक सेन्सरला इंधन अवेळी पेटत असल्याचा इशारा मिळतो आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद घटते. गाडी मंद का वाटते, त्याचे कारण हेच आहे. लहान पुलीमुळे सिलिंडरमध्ये हवा जास्त जाईल, पण इग्निशन आणखी मागे जाईल, आणि पैसे देऊन घेतलेली ताकद उन्हाळ्याचे तीन महिने ईसीयूच परत काढून घेईल.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च इंटरकूलरवर व्हावा. त्याच जागी बसणारे, जास्त जाडीचे आणि अधिक पंखांचे इंटरकूलर मिळतात. बॉनेट आणि इंटरकूलर यांच्यामधले रबर किंवा फोमचे सील वीस वर्षांत कडक होऊन तुटलेले असते. ते नवीन लावले तर झरोक्यातून आलेला वारा इकडेतिकडे न पसरता इंटरकूलरमधूनच जातो. हे काम अगदी स्वस्त आहे आणि तरीही बहुतेकांकडून राहून जाते. इंटरकूलरच्या दोन्ही टोकांना जे रबरी बूट असतात त्यांना बोट लावून पाहा: बाहेरून तेलकट ओल आणि कडेला बारीक चीर दिसली तर तिथून बूस्ट गळतो आहे असे समजावे.

कॉटनमार्केट_गॅरेज

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, मात्र इंटरकूलरच्याही आधी एक गोष्ट करायला हवी. वीस वर्षांच्या गाडीवर पुली चढवण्यापूर्वी तिचा सुपरचार्जर खाली उतरवून तपासा.

या सुपरचार्जरला इंजिन ऑईल मिळत नाही. त्याच्या पुढच्या आणि मागच्या गिअरच्या कप्प्यांत त्याचे स्वतःचे वेगळे तेल असते. ते आयुष्यभर टिकेल अशा समजुतीने बदलायची सोय सर्व्हिसच्या यादीत ठेवलेली नव्हती, आणि म्हणूनच आज यातल्या बऱ्याच गाड्यांत ते आटलेले सापडते. मागच्या कप्प्यातल्या गिअरवरच या गाडीचा वॉटर पंप चालतो. तेल आटले की ते गिअर झिजतात, पंप फिरेनासा होतो आणि कूलंट भरलेले असूनही इंजिन तापते. मे महिन्यात वर्धा रोडवर असे झाले तर हेड गॅस्केट वाचेल याची खात्री कोणीही देऊ शकणार नाही. जुने तेल काढताना ते काळे, दाट आणि उग्र वासाचे निघाले किंवा त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला, तर बेअरिंगही पाहून घ्यावेत.

सुपरचार्जर काढायला गाडीचा संपूर्ण पुढचा भाग पुढे ओढावा लागतो, म्हणजे मजुरी भरपूर लागते. म्हणून त्याच वेळी दोन्ही कप्प्यांतले तेल, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होस आणि सगळी गॅस्केट बदलून घ्यावीत. पुली बदलायची असेल तर तीही तेव्हाच बदलावी, म्हणजे एकाच मजुरीत काम होईल.

पुलीच्या बरोबरीने तीन गोष्टी येतातच. थोडा आखूड बेल्ट लागतो. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) धडधाकट असावा लागतो, कारण लहान पुलीला बेल्टची पकड कमी मिळते आणि ताण मात्र जास्त पडतो; बेल्ट घसरला तर वरच्या आरपीएमला बूस्ट पडतो आणि जळलेल्या रबराचा वास येतो. तिसरी गोष्ट क्रँकशाफ्टवरची पुली. ती दोन धातूंच्या कड्यांमध्ये रबर बसवून केलेली असते आणि ते रबर कालांतराने सुटते. इंजिन सुरू असताना ती पुली समोरून पाहा. डगमगताना दिसली तर ती बदलेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका.

आकाराबद्दल म्हणाल तर, कंपनीच्याच मान्यतेने मिळणाऱ्या जॉन कूपर वर्क्स किटमध्ये पुली सुमारे 11 टक्के लहान होती आणि तिच्या जोडीला वेगळे सिलिंडर हेड, एक्झॉस्ट आणि ईसीयूचे प्रोग्रॅमिंग होते. एवढे सगळे करून ते किट आधी 200 आणि पुढे 210 अश्वशक्तीपर्यंत गेले. त्यामुळे मूळ हेडवर नुसत्या पुली-एक्झॉस्टने 210 चे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यांच्याकडून डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद, आणि तो कोणत्या तापमानाला काढला आहे, हे आधी मागून घ्यावे.

मिहान_निवासी

इंधनाचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही आणि माझ्या दृष्टीने तो इंटरकूलरइतकाच महत्त्वाचा आहे. या गाडीची रचना झाली तेव्हा इंग्लंडमध्ये साधे पेट्रोलसुद्धा 95 ऑक्टेनचे होते (ऑक्टेन जितका जास्त, तितके इंधन अवेळी पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका कमी). आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले ई20 पेट्रोल मिळते. नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल खरे तर मदतच करते, कारण त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्प होताना ते हवेतली उष्णता अधिक शोषून घेते. अडचण वेगळीच आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेसाठी साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे 7-8 टक्के जास्त ई20 लागते. लहान पुलीने हवा वाढते, ई20 मुळे प्रत्येक किलो हवेमागे इंधनही वाढते, आणि हा दुहेरी भार मूळ इंजेक्टरवर (इंधन फवारणाऱ्या भागांवर) पडतो. परदेशातले लोक मूळ इंजेक्टरवर 15 टक्क्यांची पुली बसवतात खरे, पण त्यांचा तो अनुभव त्यांच्या पेट्रोलवरचा आहे.

वरच्या आरपीएमला पूर्ण पेडल दाबलेले असताना मिश्रणात इंधन कमी पडले की पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून 15 टक्क्यांची पुली घेणार असाल तर मोठे इंजेक्टर आणि त्यांना जुळणारे रिमॅप हे त्याच कामाचा भाग माना; ते पुढच्या वर्षावर ढकलू नका. रिमॅप करणाऱ्याला गाडी ई20 वर चालते हे आवर्जून सांगा, वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) लावूनच ट्यूनिंग करून घ्या, आणि स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, वापरा. जुने रबरी फ्युएल पाइप आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे आहेत का, तेही एकदा तपासून घ्यावे.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. क्रम बराच स्पष्ट झाला. रविवारी बॉनेट उघडून पाहिले, तर एका रबरी बुटाला खरोखरच चीर आहे आणि झरोक्याखालचे सील अर्धे गळून पडलेले आहे. आता आणखी एक शंका विचारतो. एवढे बदल केल्यावर आरटीओ आणि विमा यांच्या दृष्टीने काही अडचण येईल का?

सिव्हिल_लाइन्स_वकील

येऊ शकते, म्हणून आधीच विचारलेत ते योग्य केले. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी पुस्तिकेतला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. खराब झालेले बूट, सील, वॉटर पंप बदलणे ही दुरुस्ती झाली. त्याला कोणी हरकत घेणार नाही. जास्त ताकदीसाठी केलेले पुली आणि रिमॅप मात्र त्या सदरात बसवता येणार नाहीत.

तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी तपासणी ठरलेलीच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकलेला मोकळा एक्झॉस्ट तिथे आणि पीयूसीला, दोन्हीकडे अडचणीत आणेल, तेव्हा पुण्याच्या गॅरेजने सुचवलेला तो भाग सरळ वगळा. विमा कंपनीला बदलांची माहिती लेखी कळवा आणि त्यांचे उत्तरही लेखीच घ्या. अपघातानंतर सर्व्हेअरला न कळवलेला बदल सापडला की दावा नाकारण्यासाठी तेवढे कारण पुरते.

हिंगणा_एमआयडीसी

वकीलसाहेबांनी सांगितलेले ध्यानात घेऊन मी असे सुचवतो की, पुलीचा निर्णय सध्या थांबवा. आधी सुपरचार्जरचे तेल, बूट, सील आणि इंटरकूलर एवढेच करा. यातून कागदावरचे 170 वाढणार नाहीत, पण मे महिन्यात त्यातले जे हरवतात ते बरेचसे परत मिळतील, आणि रोज चालवताना तुम्हाला तेच जाणवणार आहे.

कामाच्या आधी आणि नंतर साध्या ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) दोन आकडे नोंदवा: इनटेक हवेचे तापमान आणि इग्निशन ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते तो आकडा. मोकळा रस्ता पाहून, दुसऱ्या गिअरमध्ये, 2,500 पासून 6,000 आरपीएमपर्यंत एकदा पूर्ण पेडल द्या. दुसऱ्या गिअरमध्ये वेग आटोक्यात राहतो, त्यामुळे यासाठी समृद्धीवर जाण्याची काहीच गरज नाही. हीच चाचणी एकदा सकाळी थंड गाडीवर आणि एकदा दुपारी गर्दीतून बाहेर पडल्याबरोबर घ्या. दुपारी इग्निशन सकाळपेक्षा बरेच मागे जात असेल, तर लहान पुलीला अजून वाव नाही. दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे आले तर ते इथे टाका, म्हणजे 11 टक्क्यांच्या पुलीचा आणि त्यासोबतच्या इंजेक्टरचा हिशेब मांडून पाहू.