आजीच्या पगारातले 200 रुपये कुठं अडकलेत?

प्रश्न (माळरान): आजी 74 वर्षांची, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे, श्रावणबाळ योजनेचा पगार (म्हातारपणाची पेन्शन) महिन्याला 1500 यायला पाहिजे पण तीन महिने झाले 1300 च पडतात. बँकेत गेलो तर म्हणाले तहसीलला जा, तहसीलला संजय गांधी शाखेत (या पगाराचं काम तिथंच बघतात) म्हणाले ते 200 केंद्राचे, आमच्याकडून यादी गेलीय. मग केंद्राला कुठं जाऊन विचारायचं? आजी रोज विचारते, माझा अंगठा नीट उठला नाही का रे.

सेतूवाला: दादा, पगार एक दिसतो पण पैसे दोन ठिकाणचे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलं की इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून केंद्राचे 200 येतात आणि वरचे 1300 राज्याचे. यादीत नाव नाही पण वर्षाचं उत्पन्न 21 हजाराच्या आत, अशांचे 1500 सगळे राज्यच देतं. केंद्राचे पैसे मागंपुढं होतात, आमच्या गावात दोन-तीन महिन्यांचे एकदम पडलेत कधी कधी. आधी पासबुक भरून बघा आणि आधारवरचं नाव शाखेतल्या यादीशी जुळतंय का ते बघा.

नदीकाठ: आमच्या आत्याचं हेच झालं होतं, आधारवर लग्नानंतरचं नाव आणि यादीत माहेरचं. आणि एक, डीबीटीचे म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारला जे खातं जोडलंय तिथंच जातात, तुम्ही अर्जात कुठलंही लिहा. बँकेत आधार सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय, ते विचारा, घरात कुणी आजीच्या नावानं दुसरं खातं काढलंय का तेही बघा. हयातीचा दाखला दिलाय ना या वर्षी?

जुना कारकून: मला यातलं सगळ्यात लागतं ते हे की केंद्राने ही पेन्शन 15 ऑगस्ट 1995 ला 75 रुपयांवर सुरू केली, पुढे 200 झाले आणि अजून 200 च आहेत, 80 च्या पुढच्यांना फक्त 500. राज्याने 2019 ला 600 चे 1000 केले, 2023 ला 1500. वाढ राज्याने करायची, यादी तहसीलने करायची, म्हातारं माणूस जिवंत आहे का हे गावात तलाठी-ग्रामसेवकाला माहीत, आणि पैसे अडकले की उत्तर द्यायला कुणीच नाही. माझं म्हणणं एवढंच की पैसे कुठलेही असोत, उत्तर तहसीलनेच द्यावं, केंद्राकडं लिहायचं काम त्यांचं, 74 वर्षांच्या बाईचं नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.

माळरान: सगळ्यांचे आभार. दाखला दिलाय, खातं पण एकच आहे. आधार काढून बघितलं तर नदीकाठ ताई म्हणतात तसंच, यादीत आजोबांचं नावच चुकलंय, आधारवर बरोबर आहे. काल अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या पुढच्या यादीत दुरुस्ती जाईल. पैसे पडले की इथंच लिहितो, आजीला सांगितलंय की अंगठ्याचा काही दोष नाही.