चष्मेवाल्यांनो, हेडफोनच्या वजनाआधी कुशन बघा

हेडफोन किती आरामदायी आहे हे बरेच जण वजनावरून ठरवतात: ऑडेझीचा एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅम, सेनहायझरचा एचडी ८०० एस ३३० ग्रॅम, म्हणून दुसरा जास्त आरामदायी. माझ्या मते निम्मंच खरं. भार टाळूवर एकाच जागी पडतो की पट्ट्यावर पसरतो, यावर बरंच ठरतं. ऑडेझीच्या नव्या हेडबँडला कमानीखाली जो मोकळा पट्टा असतो तो डोक्याच्या आकाराप्रमाणे बसतो, त्यामुळे टाळूला टोचत नाही. मानेवरचं वजन मात्र तेवढंच राहतं, हे मान्य.

पण या चर्चेत चष्म्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी दिवसभर चष्मा लावतो. जाड काडी हेडफोनच्या कानाभोवतीच्या कुशनखाली दाबली गेली की कानामागे ठणकायला लागतं, शिवाय तिथे बारीक फट पडते. कानाभोवती हवाबंद बसावं लागणाऱ्या प्लॅनर (पातळ सपाट पडद्याने आवाज काढणाऱ्या) हेडफोनचा खालचा बेस त्या फटीतून निसटतो. मग लोक हेडफोनलाच नावं ठेवतात! पातळ धातूच्या काडीने हा त्रास खूप कमी होतो. दुकानात ऐकायला जाताना रोजचाच चष्मा लावून जा आणि निदान अर्धा तास हेडफोन काढू नका.

बांधणीचं म्हणाल तर सेनहायझरचे एचडी ६०० आणि ६५० मला आजही सरस वाटतात. कुशन, केबल, डोक्यावरची गादी, सगळं घरच्या घरी बदलता येतं. कुशन चपटी झाली की कान ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, जवळ जातो आणि आवाजही बदलतो, त्यामुळे ती वेळेवर बदलाच.